आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला नागपूरहून खुले पत्र : बाद दिलंत, आता कारणही द्या

प्रति,
अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, दुबई

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा. क्रिकेटचा प्रेक्षक, आणि सुटीच्या दिवशी इथल्या मुलांच्या आणि क्लबांच्या सामन्यांचा स्कोअरर. स्कोअरबुकात फलंदाजाच्या नावापुढे नुसतं ‘बाद’ लिहून चालत नाही. त्रिफळा की पायचीत, झेल असेल तर कोणी घेतला, गोलंदाज कोण, हे सगळं लिहिल्याशिवाय ते पान पुरं होत नाही. चौदा वर्षांचा मुलगा यष्टीमागे झेल देऊन परत येताना कधीकधी रडवेला होऊन विचारतो, “सर, कशाला लागला होता?” आमचे पंच त्याला सांगतात : बॅटला लागला, मी आवाज ऐकला. पोराला पटो न पटो, उत्तर मिळालेलं असतं.

तुमच्या सामन्यांत मात्र आम्हाला निकाल मिळतो, कारण मिळेलच याची खात्री नसते. हे पत्र त्यासाठी आहे. तुम्हाला उद्देशून असलं तरी ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं ठेवलं आहे.

लिहायचं निमित्त अ‍ॅडलेडचं. डिसेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलिया-इंग्लंड अ‍ॅशेस मालिकेच्या तिसऱ्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅलेक्स केरी ७२ धावांवर होता. यष्टीमागे झेलाचं अपील झालं, मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिलं, इंग्लंडने रिव्ह्यू घेतला, म्हणजे निर्णय यंत्राच्या मदतीने पुन्हा तपासायला लावला. स्निकोच्या, म्हणजे चेंडू बॅटला घासल्याचा आवाज टिपणाऱ्या यंत्राच्या, पट्टीवर खूण उमटली खरी, पण चेंडू बॅटजवळ पोचायच्या आधीच. चित्र आणि आवाज यांचा मेळ बसत नव्हता. निर्णय नाबाद राहिला आणि केरीने शतक पुरं केलं. चेंडू बॅटला लागल्यासारखं वाटलं होतं, हे त्याने स्वतः दिवसाचा खेळ संपल्यावर सांगितलं. मग यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने मान्य केलं की चूक चालवणाऱ्या माणसाची होती, आवाज चुकीच्या मायक्रोफोनचा घेतला गेला होता. इंग्लंडला गेलेला रिव्ह्यू परत मिळाला.

रिव्ह्यू परत मिळाला. विकेट कोण परत देणार? आणि त्याहून मोठा प्रश्न : कसोटी सामन्यात निर्णय देणारं यंत्र नीट लावलं आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी कोणाची? कंपनी बोलली, वाहिन्यांवर चर्चा झाली, माजी खेळाडू बोलले. ज्यांच्या नियमावलीने ते यंत्र निर्णयाच्या खुर्चीवर बसवलं त्या परिषदेकडून, घडलं काय आणि पुन्हा घडू नये म्हणून केलं काय, हे सामान्य प्रेक्षकाला समजेल असं काही माझ्या वाचनात आलं नाही.

भारतातला चाहता आपल्या संघाला फटका बसला की ओरडतो, असं तुमच्याकडे कोणी म्हणू नये म्हणून आधी नागपूरचंच उदाहरण सांगतो. त्यात फायदा भारताचा झाला होता.

२९ जानेवारी २०१७. जामठ्याचं मैदान, भारत-इंग्लंड दुसरा टी-ट्वेंटी. भारताच्या १४४ धावा. शेवटच्या षटकात इंग्लंडला आठ हव्या होत्या, चेंडू बुमराहच्या हातात, समोर जो रूट ३८ वर. षटकाच्या पहिल्याच चेंडूवर पायचीतचं अपील झालं आणि पंचांचं बोट वर गेलं. चेंडू आधी बॅटला लागलेला होता. टीव्हीवर पाहणाऱ्या प्रत्येकाला ते दिसलं. आम्ही मैदानात होतो, आम्हाला ते मोबाइलवरून कळलं. बुमराहने त्या षटकात दोनच धावा दिल्या आणि भारत पाच धावांनी जिंकला. त्याच सामन्यात कोहलीला पायचीतच्या अपिलावर जीवदान मिळालं होतं, तेही भारताच्याच पथ्यावर पडलं. बुमराहचं ते षटक माझ्या दृष्टीने आजही अप्रतिम आहे. पण त्याचं निखळ कौतुक करायला गेलं की कोणीतरी रूटचं नाव काढतो, आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही. चुकलेला निर्णय हरणाऱ्याचं नुकसान करतो तसं जिंकणाऱ्याचंही करतो. बुमराहवर तो अन्यायच आहे.

तेव्हा टी-ट्वेंटीत डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय यंत्रांच्या मदतीने पुन्हा तपासून घेण्याची सोय, नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तुमच्या नव्या नियमांनी ते आणलं. चांगलं केलंत. पण जामठ्यातल्या त्या निर्णयाबद्दल ‘ही चूक होती’ एवढी एक ओळ तुमच्याकडून आली असती, तर इंग्लंडच्या कर्णधाराला पत्रकारांसमोर राग व्यक्त करावा लागला नसता, आणि पंचांनाही समाजमाध्यमांवर एकट्याने मार खावा लागला नसता. या पत्रात मी आजी पंचांपैकी एकाचंही नाव घेणार नाही. माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. बावीस यार्डांवर, हजारो लोकांच्या गोंगाटात, क्षणात निर्णय द्यायला काय लागतं, ते मैदानाच्या कडेला वही घेऊन बसल्यावर थोडंफार कळतं. माझी तक्रार त्यांना एकटं सोडणाऱ्या व्यवस्थेबद्दल आहे.

आता क्रमाने सांगतो.

पहिली तक्रार पुराव्याच्या मोजमापाची. भारत-ऑस्ट्रेलियाच्या बॉर्डर-गावसकर मालिकेत २२ नोव्हेंबर २०२४ रोजी पर्थला के. एल. राहुल २६ वर खेळत होता. स्टार्कचा चेंडू, झेलाचं अपील, मैदानावर नाबाद. मैदानाबाहेर पडद्यावर चित्रं पाहून निर्णय देणाऱ्या तिसऱ्या पंचांनी समोरून दिसणारा कोन मागितला, तो त्यांना मिळाला नाही. बॅट पॅडला लागल्याचा आवाज की चेंडू बॅटला लागल्याचा, हे स्पष्ट होत नव्हतं. तरीही स्निकोवरच्या खुणेच्या भरवशावर निर्णय फिरला. बाद.

त्याच मालिकेत ३० डिसेंबरला मेलबर्नला यशस्वी जैस्वाल ८४ वर. कमिन्सचा आखूड चेंडू, हूकचा प्रयत्न, झेल यष्टिरक्षकाकडे, मैदानावर नाबाद. या वेळी स्निकोची पट्टी सपाट. तिसऱ्या पंचांनी चेंडूची दिशा बदललेली दिसते म्हणून निर्णय फिरवला. पुन्हा बाद.

म्हणजे पर्थला डोळ्यांना खात्री नव्हती तेव्हा यंत्र खरं धरलं, आणि मेलबर्नला यंत्र गप्प होतं तेव्हा डोळा खरा धरला. दोन्ही वेळा निर्णय मैदानावरच्या पंचांच्या विरुद्ध फिरवला गेला. पक्का पुरावा असल्याशिवाय मैदानावरचा निर्णय फिरवायचा नाही, ही तुमचीच शिकवण. मग पक्का पुरावा म्हणजे काय? जैस्वालच्या बॅटीला किंवा हातमोज्याला चेंडू लागला असावा असं माझं स्वतःचं मत आहे. सामन्यानंतर रोहित शर्माही साधारण तेच बोलला. पर्थची कसोटी तर भारताने २९५ धावांनी जिंकली. तेव्हा हा रडीचा डाव नव्हे. एकाच मालिकेत, सव्वा महिन्याच्या अंतराने, एकाच प्रश्नाला दोन निकष लागले. त्यातला तुमचा अधिकृत कोणता, एवढंच विचारतो आहे.

मेलबर्नच्या निर्णयाचं स्पष्टीकरण आम्हाला मिळालं नाही असं नाही. तिसऱ्या पंचांचं बोलणं प्रक्षेपणात ऐकू आलं. नंतर माजी पंच सायमन टॉफेल यांनी वाहिनीवर निर्णयाची बाजू मांडली. इतक्या हलक्या स्पर्शाचा आवाज यंत्र पकडत नाही, असंही जाणकारांनी सांगितलं. पण यातलं काहीच परिषदेचं म्हणणं नव्हतं. निर्णय तुमच्या नियमावलीने होतो आणि खुलासा वाहिनीच्या स्टुडिओतून येतो, हे आम्ही किती दिवस चालवून घ्यायचं?

दुसरी तक्रार यंत्राच्या मालकीची आहे. डीआरएसची साधनं यजमान प्रक्षेपकाकडून येतात. म्हणून एका देशात एक यंत्रणा, दुसऱ्या देशात दुसरी. कॅमेरे किती, हेही मालिकेच्या श्रीमंतीवर. भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतल्या फलंदाजाला जो न्याय मिळतो, तो छोट्या मंडळांच्या मालिकेतल्या फलंदाजाला मिळत नसेल, तर दोघांच्या धावा एकाच विक्रमांच्या यादीत कशा मांडता? विश्वचषकाच्या प्रक्षेपणातून परिषदेला मिळणारा पैसा लहान नाही. त्यातला काही भाग या यंत्रणेवर खर्च करणं हे तुमचं पहिलं काम असायला हवं होतं. तिसरा पंच क्रिकेटमध्ये आला नोव्हेंबर १९९२ मध्ये, डर्बनच्या कसोटीत. त्याच्या निर्णयाने बाद झालेला पहिला फलंदाज आमचा सचिन तेंडुलकर. इतकी वर्षं झाली, आणि अजून तिसऱ्या पंचासमोर कोणता कोन येणार हे दुसराच कोणी ठरवतो.

इथे आमच्या भारतीय क्रिकेट मंडळाचाही वाटा सांगायला हवा. डीआरएसची पहिली चाचणी २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत झाली. त्यानंतर द्विपक्षीय मालिकांत ते वापरायला भारतीय मंडळ वर्षानुवर्षं नकार देत राहिलं, थेट २०१६ च्या इंग्लंड मालिकेपर्यंत. त्याच २००८ च्या जानेवारीत सिडनीत ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स भारताविरुद्ध तीस धावांवर झेल देऊनही नाबाद राहिला आणि १६२ वर नाबाद परतला. देशभर संताप झाला. तुम्ही पुढच्या कसोटीचे पंच बदललेत. पंच बदलले म्हणून प्रेक्षकाला उत्तर मिळालं असं होत नाही. आणि ते सगळं भोगून मग तंत्रज्ञान नाकारत राहणं ही भारतीय मंडळाची चूक होती, हे इथल्या चाहत्यांनी तेव्हाही बोलायला हवं होतं.

तिसरी तक्रार सगळ्यात मनाला लागलेली. बोलायचं कोणी? १० जून २०२३ रोजी ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ग्रीनने शुभमन गिलचा झेल घेतला. चेंडू जमिनीला टेकला की नाही यावर जगभर वाद झाला. तिसऱ्या पंचांनी बाद दिलं. गिलने तो झेल दाखवणारं छायाचित्र समाजमाध्यमावर टाकलं, म्हणून त्याची पंधरा टक्के मॅच फी कापली. शिस्त हवी, मला मान्य आहे. खेळाडू रोज पंचांना बाजारात उभं करू लागले तर खेळ चालणार नाही. पण खेळाडूने बोलायचं नाही, पंचांना बोलायची परवानगी नाही, परिषद बोलत नाही. उरतात ते समालोचक आणि समाजमाध्यमांवरचे आरडाओरडा करणारे. तुम्ही सोडलेली जागा त्यांनी भरली आहे. पंचांच्या घरच्यांपर्यंत शिव्या पोचतात त्या याच पोकळीतून.

तुम्हाला लिहिता येत नाही असंही नाही, आणि याचा दाखला नागपूरचाच आहे. फेब्रुवारी २०२३, जामठा, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. रवींद्र जडेजाने पाच बळी घेतले त्याच दिवशी तो सिराजच्या हातावरून काहीतरी घेऊन बोटाला लावत असल्याची चित्रफीत जगभर फिरली. ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांनी चेंडूशी छेडछाडीची शंका घेतली. सामना तीन दिवसांत संपला, भारत एक डाव १३२ धावांनी जिंकला, आणि तुमचं पत्रक आलं. त्यात सगळं होतं : बोटाच्या सुजेवर लावलेलं ते मलम होतं, मैदानावरच्या पंचांची परवानगी न घेता लावलं, आचारसंहितेच्या अमुक कलमाचा भंग झाला, पंचवीस टक्के मॅच फी कापली, एक दोषांक दिला. आणि हेही की मलम औषध म्हणूनच लावलं होतं, त्याने चेंडूची अवस्था बदललेली नाही, याबद्दल सामनाधिकाऱ्यांची खात्री पटली आहे. वाद तिथे मिटला. कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्यांच्या गाड्यावर सकाळी त्या मलमावरून भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. पत्रक आल्यावर त्यांच्यातल्या सगळ्यात कडक माणसाने म्हटलं, “जाऊ द्या न भाऊ, लिहून देलं ना त्याईनं.”

बोटाला लावलेल्या मलमाबद्दल इतकं स्वच्छ पत्रक काढता येतं, तर अंतिम सामन्यातल्या झेलाबद्दल का नाही?

अशीच गोष्ट नोव्हेंबर २०२३ ची. विश्वचषकात दिल्लीला श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज टाइम आउट झाला, म्हणजे खेळायला वेळेत तयार न झाल्याने बाद ठरला, आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला असा पहिला फलंदाज. हेल्मेटचा पट्टा तुटला होता. लोकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण डावाच्या मध्यंतरात चौथ्या पंचांनी समोर येऊन दोन मिनिटांचा नियम सांगितला, पट्टा तुटण्याआधीच वेळ कशी संपली होती ते सांगितलं. नियम लिहिणाऱ्या एमसीसीनेही नंतर आपली बाजू मांडली. मॅथ्यूजला ते पटलं नाही, त्याने स्वतःची चित्रफीत पुढे केली. पटो न पटो, वाद कशावर आहे ते तरी सगळ्यांना कळलं. आणि जाता जाता : दीप्ती शर्माने २०२२ मध्ये लॉर्ड्सवर चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केलं, किंवा केरीने २०२३ मध्ये तिथेच बेअरस्टोला यष्टिचीत केलं, ही दोन्ही बाद करणं नियमात बसतं आणि त्यासाठी कोणी माफी मागायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. विनू मांकड यांनी १९४७ मध्ये सिडनीत बिल ब्राउनला दीप्तीसारखंच नॉन-स्ट्रायकर टोकाला बाद केलं होतं. ते कलम ‘अनुचित खेळा’तून उचलून धावबादच्या नियमात आणायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पाऊणशे वर्षं एका मोठ्या खेळाडूच्या नावाला डाग लागून राहिला, कारण अधिकाराच्या जागेवरून स्पष्ट शब्दांत कोणी सांगितलं नाही.

खेळपट्ट्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथे नागपूरकर म्हणून मी पक्षपाती वाटू शकतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी जामठ्यात तीन दिवसांत संपली. पाहुण्यांचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले. तुम्ही खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिलात आणि ताकीद दिलीत. त्या वेळी परिषदेच्या अध्यक्षपदी नागपूरचेच शशांक मनोहर होते. अध्यक्षाच्या गावालाही सूट मिळाली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्थची अ‍ॅशेस कसोटी दोन दिवसांत संपली आणि तिला ‘अत्यंत चांगली’ असा शेरा मिळाला. पुढच्याच महिन्यात मेलबर्नची कसोटीही दोन दिवसांत संपली आणि तिला ‘असमाधानकारक’. कदाचित तिन्ही शेरे योग्य असतील. वेगवान गोलंदाजाची उसळी आणि पहिल्या सत्रापासून हातभर वळणारा चेंडू यात तुम्ही फरक करत असाल. ‘अत्यंत चांगली’ची व्याख्या तुमच्या नियमावलीत आहे हे मला ठाऊक आहे. पर्थच्या त्या दोन दिवसांना ती कशी लागू झाली, हे दहा ओळींत लिहून दिलं असतं, तर आशियाला एक माप आणि इतरांना दुसरं, ही शंका इतकी पसरली नसती. ती शंका खरी आहे असं मी म्हणत नाही. तिला उत्तर देणं तुमच्या हातात आहे.

आता दौऱ्यांबद्दल. नागपूरला सामना असला की तो एकट्या नागपूरचा नसतो. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाहून लोक येतात, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, रायपूरहून येतात. एसटीने, रेल्वेने, मग मेट्रोने खापरीपर्यंत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने वर्धा रोडवरून जामठा. सामना संपल्यावर मध्यरात्री त्याच रस्त्यावर अडकून परत. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-ट्वेंटी मैदान ओलं असल्याने रात्री साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. स्टेडियम भरलेलं होतं आणि भरलेलंच राहिलं. वीस चेंडूंत नाबाद ४६ करणाऱ्या रोहितने त्या वाट पाहण्याचं सोनं केलं. असे लोक दौऱ्याच्या तारखा बघून रजा टाकतात, बहिणीच्या घरचं कार्य पुढे-मागे करतात.

आणि दौऱ्यांचं काय चाललं आहे? भारत-पाकिस्तान द्विपक्षीय मालिका जानेवारी २०१३ नंतर झालेली नाही; दोघांमधली शेवटची कसोटी डिसेंबर २००७ ची. तुमच्या स्पर्धांत दोघांचे सामने तटस्थ ठिकाणी खेळवण्याची व्यवस्था २०२७ पर्यंत आहे. ऑगस्ट २०२५ चा भारताचा बांगलादेश दौरा वर्षभराहून पुढे ढकलला गेला. कारण सांगितलं गेलं ते वेळापत्रकाच्या सोयीचं. मग २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या तोंडावर बांगलादेशाच्या जागी स्कॉटलंड आलं. दोन देशांनी खेळावं की नाही हा सरकारांचा प्रश्न आहे, सीमेवर माणसं मरत असताना क्रिकेटप्रेमींनी त्यात हट्ट धरू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. सरकारने नको म्हटलं असेल तर तसं सांगा, आम्ही ऐकू. पण सगळ्यांना ठाऊक असलेलं कारण बाजूला ठेवून ‘वेळापत्रकाची सोय’ हे शब्द वापरले की पुढच्या वेळी खरोखरच वेळापत्रक आडवं आलं तरी त्यावर कोण विश्वास ठेवणार?

हाच प्रश्न भारतीय मंडळालाही आहे, आणि हे पत्र त्यांच्यापर्यंत जाईल म्हणून इथेच लिहितो. जामठ्यात पहिली कसोटी २००८ मध्ये झाली, सौरव गांगुलीची शेवटची. तेव्हापासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिथे सात कसोट्या झाल्या. आणखी द्या, हे मागणं आहेच, पण ते वेगळं. कोणतं मैदान कधी, हे ठरवण्याचं सूत्र आधी छापा. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. त्यांतल्या शेवटच्या दोन विजेतेपदांचे अंतिम सामने याच मैदानावर झाले. आपल्या गावाची पाळी आली नाही याचं दुःख या प्रेक्षकाला पचवता येतं. का आली नाही, हे मात्र त्याला कळायला हवं.

माझ्या मागण्या अशा.

कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांत तिसऱ्या पंचाने मैदानावरचा निर्णय फिरवला आणि त्यावर कर्णधाराने किंवा संघ व्यवस्थापनाने सामनाधिकाऱ्यांकडे हरकत नोंदवली, तर ४८ तासांच्या आत परिषदेने लेखी खुलासा प्रसिद्ध करावा. कोणते कोन पाहिले, यंत्राने काय दाखवलं, कोणत्या पुराव्यावर निर्णय दिला. चूक झाली असेल तर ‘चूक झाली’ हे शब्द त्यात असावेत. पंचांचं नाव नसलं तरी चालेल.

यंत्र आणि डोळा यांच्यात मतभेद झाला तर कोणाचं ऐकायचं, ते नियमात लिहा. आणि मागितलेला कोन मिळाला नाही तर मैदानावरचा निर्णय कायम, यात अपवाद नको.

डीआरएसची यंत्रणा परिषदेच्या खर्चाने, परिषदेने प्रशिक्षण दिलेल्या माणसांच्या हाती, सगळ्या कसोटी देशांत सारखी हवी. दर दिवशी खेळ सुरू होण्याआधी चित्र आणि आवाज जुळतात का, ही तपासणी सामनाधिकाऱ्यांच्या सहीने व्हावी.

तिसऱ्या पंचाचं बोलणं घरी टीव्हीसमोर बसलेल्याला ऐकू येतं. तिकीट काढून जामठ्यात बसलेल्या माणसाला मोठ्या पडद्यावर मुकं चित्र दिसतं. ते बोलणं मैदानातल्या ध्वनिक्षेपकावरून ऐकवा. यासाठी नवं काही बांधावं लागणार नाही.

खेळपट्टीचा शेरा, चांगला असो की वाईट, सामनाधिकाऱ्यांच्या कारणांसह छापा.

दौरा रद्द झाला किंवा पुढे गेला तर निर्णय कोणी घेतला, सरकारने की मंडळाने, हे पहिल्याच पत्रकात सांगा, आणि तिकिटांचे पैसे प्रेक्षकाने अर्ज न करता परत द्या.

लॉर्ड्सचं साम्राज्य असताना विश्वचषक इंग्लंडबाहेर काढून १९८७ मध्ये भारत-पाकिस्तानात आणण्यात नागपूरच्या एन. के. पी. साळवे या भारतीय मंडळाच्या माजी अध्यक्षांचा मोठा वाटा होता. त्याच स्पर्धेत आमच्या सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन फलंदाज ओळीने त्रिफळाचीत केले आणि विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. तिन्ही वेळा यष्ट्या उडाल्या, पंचांना काही ठरवावंच लागलं नाही. प्रत्येक विकेट तशी नसते म्हणून तर पंच आहेत, यंत्रं आहेत आणि तुम्ही आहात. साळवे यांनी त्या काळच्या बलाढ्य मंडळाला ‘का नाही?’ असं विचारलं होतं. त्यांच्या गावातल्या एका साध्या प्रेक्षकाने तुम्हाला ‘का?’ विचारलं तर ते अनाठायी समजू नका.

२०२७ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोट्यांसाठी भारतात येणार आहे. या मागण्यांपैकी पहिल्या चार त्या मालिकेच्या पहिल्या चेंडूआधी अमलात याव्यात, ही विनंती. त्यांपैकी एखादी मान्य करता येत नसेल, तर तेही कारणासह परिषदेच्या संकेतस्थळावर, सगळ्यांना वाचता येईल असं लिहा.

आपला,
नागपूरचा एक प्रेक्षक आणि स्कोअरर